हत्तीरोगाची गोळी: वाटली किती, गिळली किती

हत्तीरोगाच्या मोहिमेत संध्याकाळचा रिपोर्ट आला की मी सगळ्यात आधी नकाराचा रकाना बघतो, किती लोकांनी गोळ्या घेतल्या ते नंतर. साडेतीनशे घरांच्या गावातून नकार शून्य असं लिहून आलं असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी आधी त्याच गावाला न्यायची हे माझं ठरलेलं आहे. कारण ज्याला काहीही झालेलं नाही अशा धडधाकट माणसाला तुम्ही अंगणात उभं करून एका दमात सात-आठ गोळ्या खायला सांगता आणि अख्ख्या गावात एकही जण नाही म्हणत नाही, असं होत नसतं.

मी पूर्व विदर्भात तालुका पातळीवर आरोग्य पर्यवेक्षक म्हणून हे काम बघतो. बरेच दिवस लिहायचं डोक्यात होतं, कारण राष्ट्रीय कार्यक्रम म्हटलं की लोकांना पोस्टर, उद्घाटन आणि पेपरातली बातमी एवढंच दिसतं, तो चालतो कसा आणि अडतो कुठे हे आतल्या माणसांनी सांगायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

आधी रोगाबद्दल थोडं. गटाराच्या, साचलेल्या घाण पाण्यात वाढणारा क्युलेक्स डास हा रोग पसरवतो. त्याच्या चाव्यातून वुचेरेरिया बँक्रॉफ्टी नावाच्या दोऱ्यासारख्या कृमीच्या अळ्या अंगात जातात, लसीकावाहिन्यांत मुक्काम करतात, तिथे मोठ्या झालेल्या कृमी पाच-सात वर्षं जगतात आणि मादी रक्तात पिल्लं सोडत राहते, त्यांना मायक्रोफायलेरिया म्हणतात. माणसाला यातलं काहीच कळत नाही. तो शेतात जातो, लग्नाला जातो, बाजार करतो, आणि त्याला चावलेला डास दुसऱ्याला चावतो. अनेक वर्षांनी कुणाचा पाय सुजायला लागतो, पुरुषांत कुणाला अंडवृद्धी होते, आणि खूप सुजलेला पाय परत पहिल्यासारखा होत नाही. म्हणजे ज्याचा पाय दिसतो त्याच्या रक्तात पुष्कळदा जंतू राहिलेलेच नसतात, आणि ज्याच्या रक्तात आहेत तो आपल्याशी हसून बोलत असतो. म्हणून रोगी शोधून औषध द्यायचा मार्ग इथे पुरत नाही, सगळ्यांनाच वर्षातून एकदा औषध द्यावं लागतं, आणि तेही सलग काही वर्षं. मोठी कृमी जिवंत आहे तोवर तिची पिल्लं रक्तात इतकी कमी ठेवायची की डासाला पुढे न्यायला काही मिळू नये. सगळा कार्यक्रम या एका हिशोबावर उभा आहे.

आपल्याकडे राष्ट्रीय फायलेरिया नियंत्रण कार्यक्रम १९५५ साली सुरू झाला. म्हणजे माझ्या जन्माच्या कितीतरी आधी. तेव्हा भर होता डासांच्या अळ्या मारण्यावर आणि रक्त तपासून सापडलेल्यांना औषध देण्यावर, तोही मुख्यतः शहरांत. २००४ पासून डीईसी ही रक्तातले हे जंतू मारणारी गोळी सगळ्यांना वर्षातून एकदा द्यायला सुरुवात झाली, पुढे तिच्यासोबत अल्बेंडाझोल ही जंताची गोळी आली. २००२ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात २०१५ पर्यंत हत्तीरोग संपवायचा असं लिहिलं होतं. ते झालं नाही. २०१७ च्या धोरणात २०१७ हेच वर्ष मुदत म्हणून आलं, तेही गेलं. आता देशाने २०२७ ठरवलंय, जगाचं लक्ष्य २०३० आहे.

मुदत हुकते तेव्हा चर्चा सुरू होते की औषधच चालत नाही. हे मला अजिबात पटत नाही. श्रीलंका आणि मालदीव २०१६ ला सुटले, थायलंड २०१७ ला, आणि बांगलादेश २०२३ ला, जिथली गर्दी, पाणी, डास आणि गरिबी आपल्यासारखीच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने तपासून शिक्का दिलाय. औषध चालतं, फक्त ते पोटात जावं लागतं.

आणि आता तर आणखी चांगलं हत्यार हातात आहे. आयव्हरमेक्टिन, डीईसी आणि अल्बेंडाझोल अशा तीन औषधांची जोडणी, आमच्या भाषेत आयडीए. पापुआ न्यू गिनीत जो अभ्यास झाला त्यात या तिन्हीच्या एकाच डोसनंतर जवळजवळ सगळ्यांच्या रक्तातून मायक्रोफायलेरिया गेले आणि वर्षभराने तपासलं तरी आले नव्हते. २०१७ ला जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केली, २०१८ च्या डिसेंबरात बिहारच्या अरवल जिल्ह्यात भारतातली सुरुवात झाली आणि लगेच २०१९ च्या जानेवारीत आपल्या नागपूर जिल्ह्यात. दोन औषधांच्या पद्धतीत जे काम पाच-सहा राऊंड खातं ते यात दोन-तीन चांगल्या राऊंडमध्ये होऊ शकतं. इथे चांगल्या या शब्दावर सगळं अडतं.

आयडीएत वयावरून डीईसी आणि उंचीवरून आयव्हरमेक्टिन. आशाताईंकडे एक डोस पोल असतो, खुणा केलेली उभी पट्टी. ९० सेंटीमीटरच्या खाली असेल तर आयव्हरमेक्टिन नाही, ९० ते ११९ ला एक गोळी, १४० पर्यंत दोन, १५८ पर्यंत तीन आणि त्याच्या वर चार. मोठ्या माणसाला डीईसीच्या तीन आणि चावून खायची अल्बेंडाझोलची एक. म्हणजे उंच माणसाच्या तळहातावर आठ गोळ्या येतात. आता हे एखाद्या अंगणात डोळ्यासमोर आणा. ताई पोल भिंतीला टेकवते, म्हातारी म्हणते "मले मोजता काहून बाई, आता माह्यं लगन लावता का", पोरं आपली उंची बघायला रांग लावतात, सून आतून पाण्याचा गडवा आणते, कुणीतरी विचारतं "जेवण नाही झालं, चालते का?" आणि ते चालत नाही, उपाशीपोटी देता येत नाही. मग ती थांबते. पोरगं दोन भाकऱ्यांचे तुकडे खातं, मग गोळ्या. मग बोटाला मार्करने खूण, मग रजिस्टरला नोंद, घराच्या भिंतीवर तारीख. घरात गरोदर कोण, दोन वर्षांखालचं कोण, फार आजारी कोण, बाळंत होऊन आठवडा झाला की नाही, हे सगळं विचारून मग पुढचं घर.

पाच माणसांच्या घराला हे नीट करायचं तर पंधरा मिनिटं लागतातच. दिवसाला पंचवीस घरं दिली तर सव्वासहा तास झाले, चालणं, कुलूपबंद घरं आणि "उद्या या" धरले नाहीत. कागदावर पंचवीस घरं सोपी दिसतात. मग काय होतं, तर दिवस कलायला लागतो, अजून दहा घरं बाकी असतात, आणि दारातला माणूस म्हणतो "ठेवून जा ताई, रात्री जेवल्यावर घेतो." या वाक्याने आपल्या देशातला हत्तीरोग जितका जपून ठेवलाय तितका कुठल्याच डासाने ठेवला नसेल. ताई गोळ्या ठेवते, रजिस्टरला टिक करते, आणि महिन्याभराने मी त्या घरी गेलो की त्याच गोळ्या टीव्हीच्या मागे, देवाच्या फळीवर, कपाटावरच्या डब्यात सापडतात. मी ताईला दोष देत नाही. तिला मोहिमेचे दिवसाला २०० रुपये मिळतात, तेही मोजक्या दिवसांचे, आणि त्याच आठवड्यात तिची बाळंतपणं, लसीकरण, क्षयरोगाचे सर्व्हे चालूच असतात. घरांची संख्या ठरवणाऱ्याने एकदा तिच्यासोबत दिवसभर फिरावं, आणि मग आकडा लिहावा.

कॅलेंडरचंही तसंच आहे. देशात आता वर्षात दोन खेप ठरल्यात, १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्ट, कुठला जिल्हा कुठल्या खेपेत ते वरून ठरतं. सगळ्या देशात एकाच दिवशी सुरू केलं की प्रचार एकत्र होतो, औषधांची खरेदी सोपी होते, हे मला मान्य आहे. पण ऑगस्टात धानाच्या भागात रोवणी कुठे चालू असते कुठे संपत आलेली असते, बाया सकाळी सातला चिखलात आणि परत येतात दिवेलागणीला. फेब्रुवारीत गडचिरोली-चंद्रपूरची माणसं टोळ्या करून तेलंगणात मिरची तोडायला गेलेली असतात, घरी म्हातारे आणि शाळेची पोरं. ताई दहा वाजता दार वाजवते तेव्हा ज्याच्या रक्तात जंतू असायची सगळ्यात जास्त शक्यता तोच माणूस घरी नसतो. आम्ही आमच्यापुरता उपाय केला, बांधावर जायचं, दुपारच्या जेवणाच्या सुटीत. जेवण झालेलं असतं, पाणी असतं, वीस-पंचवीस बाया एकत्र असतात, आणि एकीने खाल्लं की दुसरी खाते. संध्याकाळी सातच्या पुढे वेगळी टीम. मिरचीच्या टोळ्या निघायच्या आधी मुकादमाला भेटून यादी घ्यायची आणि परत आल्यावर गाठायचं. यातलं काहीही वरच्या गाइडलाइनच्या विरोधात नव्हतं, पण तारखा आणि टीम हलवायची परवानगी तालुक्याला असावी लागते, आणि ती प्रत्येक वेळी मागून मागून घ्यावी लागते.

आता रिपोर्टबद्दल, ज्याच्यामुळे मी हे लिहायला बसलो. मोहीम चालू असताना रोज संध्याकाळी व्हीसी, म्हणजे वरिष्ठांसोबत व्हिडिओवरची मीटिंग, होते. ज्या गावाचं कव्हरेज कमी त्याचं नाव स्क्रीनवर, लाल रंगात, आणि मग विचारणा. विचारणारा माणूस वाईट नसतो, त्यालाही वर कुणीतरी विचारतंय. पण दोन दिवस असं झालं की तिसऱ्या दिवशी गावं हिरवी होतात. लोक बदललेले नसतात, टिक बदललेली असते. मग कार्यक्रमाकडे ९० टक्क्यांचा आकडा येतो, वर समाधान होतं, आणि दोन वर्षांनी रक्त तपासलं की मायक्रोफायलेरियाचं प्रमाण तिथेच. ही पैशाची, गोळ्यांची आणि हजारो बायांच्या पायपिटीची नासाडी आहे आणि मला ती बघवत नाही.

एका वर्षी आमच्याकडे बदलून आलेल्या एका तरुण वैद्यकीय अधिकाऱ्यांनी पहिल्याच संध्याकाळच्या मीटिंगला रजिस्टरं मागवली आणि सगळ्यात जास्त नकार जिने लिहिले होते त्या आशाताईला उभं केलं. ती बिचारी घाबरली. ते म्हणाले, ताई, तुमच्याकडेच मला नावासकट कळलंय की कोणाच्या घरी जायचं, उद्या सकाळी मी तुमच्यासोबत येतो. आणि खरंच गेले, त्या घरांमधून फिरले, काही जणांनी त्यांच्यासमोर गोळ्या घेतल्या, काहींनी तरीही नाही घेतल्या. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाकीच्या सगळ्या रजिस्टरांमध्ये नकार दिसायला लागले. खरे आकडे. व्हीसीत त्या दिवशी आमचा तालुका लाल होता आणि डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं की सर, हे खरं आहे, आम्हाला मॉप-अपचे, म्हणजे राहिलेल्यांना गाठायचे, दोन दिवस वाढवून द्या. मिळाले. माझ्या मते तेवढी एक गोष्ट केली, म्हणजे खरं सांगणाऱ्याला त्रास होणार नाही एवढी खात्री दिली, तर अर्धा कार्यक्रम आपोआप सुधारतो. सॉफ्टवेअर, डॅशबोर्ड, अॅप सगळं त्यानंतर.

नकाराची नावं कशाला हवीत तर त्यामागे शास्त्र आहे. एकूण लोकसंख्येच्या किमान ६५ टक्के लोकांनी दर वर्षी औषध गिळलं पाहिजे असं धरतात. पण उरलेले दर वर्षी वेगवेगळे असतील तर गोष्ट वेगळी, आणि दर वर्षी तेच असतील तर वेगळी. तेच असतील तर ती माणसं वर्षानुवर्षं जंतूंचं कोठार म्हणून राहतात आणि डास तिथूनच माल उचलतात. म्हणून माझा आग्रह असतो की नोंदवहीत गेल्या वर्षीच्या नकाराचं नाव या वर्षी दिसलं पाहिजे. दोनदा नाही म्हणालेल्याकडे तिसऱ्या वेळी ताईला एकटीला पाठवायचं नाही. सरपंच, त्याचा नातेवाईक, शाळेचे गुरुजी, ज्याचं तो ऐकतो तो माणूस सोबत पाहिजे. आणि हे कोण असतात? अडाणी म्हातारे नसतात. तरुण पुरुष असतात, नोकरदार असतात, शहरातल्या सोसायटीत राहणारे असतात. नागपूरसारख्या शहरात वॉचमन गेटवरूनच ताईला परत पाठवतो, साहेब म्हणतात आमच्याकडे डास नाहीत. क्युलेक्स डास मात्र सेप्टिक टँकमध्ये, उघड्या नाल्यात मजेत वाढतो आणि तो कुणाची प्रॉपर्टी बघून चावत नाही.

भीतीचं कारण मात्र खरं असतं, ते हसण्यावारी नेऊ नये. गोळ्या घेतल्यावर काहींना ताप येतो, डोकं दुखतं, चक्कर, उलटी. बहुतेक वेळा रक्तातले जंतू मरतात म्हणून अंग असं वागतं, एक-दोन दिवसांत बरं वाटतं. म्हणजे ज्याला त्रास झाला त्यालाच औषधाची जास्त गरज होती. पण हे आधी सांगितलेलं असेल तर समाधान, नंतर सांगितलं तर पळवाट वाटते. एका गावात शाळेत काही मुलांनी न खाता गोळ्या घेतल्या, उलट्या झाल्या, तासाभरात व्हॉट्सॅपवर व्हिडिओ आणि शेजारच्या गावांनी दारं लावली. रॅपिड रिस्पॉन्स टीम पोचली, मुलं संध्याकाळी खेळायला लागली, पण विश्वास परत यायला डॉक्टरांना रात्री उशिरापर्यंत त्या शाळेच्या व्हरांड्यात बसावं लागलं, येईल त्याच्याशी बोलावं लागलं. कुठल्याही बजेटमध्ये या बसण्याला खर्चाचं हेड नाही, आणि मोहीम वाचते ती तशा बसण्याने.

खरं काय झालं ते शेवटी रात्रीच्या रक्तातच कळतं. हे जंतू दिवसा बोटाच्या रक्तात फारसे येत नाहीत, रात्री येतात, म्हणून रक्त सर्व्हे रात्री साडेआठ-नऊ ते बारापर्यंत चालतो. आरोग्य सेवक टॉर्च, काचपट्ट्या आणि लॅन्सेट घेऊन झोपलेल्या घराचं दार वाजवतो, अंगणात कुत्री भुंकतात, आणि तो म्हणतो जरा बोट द्या. लोक देतात. मला याचं दरवेळी नवल वाटतं. प्रमाण १ टक्क्याच्या खाली गेलं की पुढची तपासणी होते ती सहा-सात वर्षांच्या मुलांची, स्ट्रिपवर थेंबभर रक्त, कारण या मुलांच्या जन्मापासून गोळ्या चालू आहेत, त्यांच्यात रोग सापडला तर तो नवा आहे, म्हणजे प्रसार थांबलेला नाही. त्या स्ट्रिपला रजिस्टर फसवता येत नाही.

ज्यांचा पाय आधीच सुजलाय त्यांचं कार्यक्रमात स्थान नेहमी शेवटी येतं आणि हे मला सगळ्यात जास्त लागतं. त्यांना आम्ही टब, मग, साबण, टॉवेल, मलम असं किट देतो, पण नुसतं देऊन काही होत नाही, शिकवावं लागतं. घड्यांच्या आतपर्यंत साध्या पाण्याने साबण लावून हळू धुवायचं, घासायचं नाही, बोटांच्या मधली जागा मऊ कपड्याने टिपून पूर्ण कोरडी करायची, चीर असेल तिथे मलम, बसताना पाय उंच, रात्री पायाखाली उशी. एका मावशींना वर्षातून पुष्कळदा थंडी वाजून ताप यायचा, पाय लाल व्हायचा, मजुरी बुडायची. आमच्या ताईने त्यांना घरी बसवून हे शिकवलं, पुढच्या महिन्यात परत जाऊन बघितलं, आणि त्यांचे ते झटके बरेच कमी झाले. पाय बारीक झाला नाही, पण त्या परत कामावर जायला लागल्या. अंडवृद्धीची तर शस्त्रक्रिया होते, सरकारी दवाखान्यात फुकट होते, पुरुष लाजून वर्षानुवर्षं सांगत नाहीत. गावात पुरुष कर्मचाऱ्याने वेगळं बसवून विचारलं की यादी वाढते.

आणि नाल्या. आरोग्य खातं गोळ्या देणार, गटार ग्रामपंचायतीचं, शहरात नगरपरिषदेचं. संडासाच्या व्हेंट पाइपला जाळी बांधायला दहा मिनिटं लागतात, पण ती कोणाच्या हेडमधून हे ठरायला सहा महिने जातात. ज्या गावात ग्रामसेवक आणि आमचा आरोग्य सेवक एकाच दिवशी गावात फिरतात तिथे हे आठवड्यात झालेलं मी बघितलंय, जाळ्या बांधल्या, गप्पी मासे सोडले, नाली वाहती केली.

तुमच्या जिल्ह्यात, गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, नागपूर, नांदेड, पालघर कुठेही असा, राऊंड आला तर जेवून घ्या आणि ताईसमोर गोळ्या खा. दोन वर्षांखालची बाळं, गरोदर बाया, बाळंत होऊन आठवडा न झालेल्या बाया आणि फार आजारी माणसं सोडून सगळ्यांनी. घ्यायच्याच नसतील तर तिला तसं स्पष्ट सांगा आणि नकार लिहू द्या, घेऊन ठेवू नका. ती आली तेव्हा घराला कुलूप असेल तर मॉप-अपच्या दिवसांत उपकेंद्रात जा, गोळ्या तिथे मिळतात, आणि तिथेही त्या समोरच खायच्या असतात.